वाळूतला मुकादम

"काच वाजवू नको. तुझ्या घराचं दार कुणी असं बडवलं तर तुझा बाप त्याला चहा पाजतो का?"

हैदराबादेत, चिक्कडपल्लीच्या त्या तळघरातल्या मत्स्यालयात शिरलं की माशांच्या आधी हा आवाज भेटायचा. पोरगं हात मागे घ्यायचं, त्याची आई तोंड वाकडं करायची, आणि दोन टाक्यांच्या मधल्या फटीतून रबरी बूट घातलेली एक बाई बाहेर यायची. शैला सोनकांबळे. पन्नाशी उलटलेली, अंगावर निळा एप्रन, हातात लांब चिमटा. तो चिमटा माशांना खायला घालायचा होता, पण ती तो धरायची अशी, की समोरच्याला वाटावं आता आपल्या नाकाची पाळी.

तिच्याशी न भांडलेला माणूस त्या इमारतीत नव्हता. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर तळघराचा जिना टाळत. लिफ्टवाला तिला पाहिलं की लिफ्ट बिघडलीय म्हणायचा. तिच्या आधी टाक्या बघणारा माणूस तिच्यामुळेच नोकरी सोडून गेला. ती तेव्हा फक्त झाडायला होती. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी तिनं झाडू कोपऱ्यात ठेवून त्याचा एप्रन घातला. घालू का म्हणून कुणाला विचारलं नाही, आणि काढ म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

तिचे वडील उमाजी देगलूरकडून लालागुड्याच्या रेल्वे कारखान्यात आले आणि मलकपेठेत घर करून राहिले. शैलाचं लग्न निझामाबादला लावून दिलं. तिथं नवऱ्यानं एकदा हात उगारला. तिनं तोच हात धरून पिरगाळला आणि दुपारच्या बसनं माघारी आली. दारात भाऊ उभा होता, दौलत.

"कायमची आलीस?"

"तुला जड होतंय का?"

"मी फक्त विचारलं."

"मग विचारू नको."

वडील गेले, आई गेली, दौलत पोस्टातून निवृत्त झाला, पण भावाबहिणीचं बोलणं त्या दारातल्या सुरातच राहिलं. त्यातच ते दोघं स्वयंपाक करत, त्यातच एकमेकांना औषधाच्या गोळ्या देत.

आता हैदराबादेत समुद्र नाही. मत्स्यालयाला तो बनवावा लागतो. गाळलेलं पाणी निळ्या ड्रममध्ये भरायचं, पोत्यातलं खास मीठ त्यात कालवायचं, काचेची नळी तरंगवून खारटपणा बघायचा आणि दिवसभर ते मुरू द्यायचं. शैला शेवटी बोट बुडवून जिभेवर टेकवायची आणि मान हलवायची. दौलतनं एकदा विशाखापट्टणमची सहल काढली. "चल, समुद्र तरी बघशील."

"कशाला? मीच करते की रोज."

त्या समुद्रात गेल्या वर्षी तो आला. चेन्नईहून माशांच्या पेट्या यायच्या, त्यात एका पिशवीवर 'स्नेक ईल' लिहिलेलं. वाम माशाची ही एक जात, सापासारखी लांब. अंग साईच्या रंगाचं, त्यावर तपकिरी ठिपके, खवले अजिबात नाहीत. शेपूट मात्र माशासारखी पंख्याची नव्हे. टोकदार, टणक, दाभणासारखी. शैलानं पिशवी टाकीत सोडली. त्यानं शेपटीचं टोक वाळूत टेकवलं आणि उलटा, मागे मागे सरकत असा आत गेला, की खालून कुणीतरी दोरा ओढून घेतोय. शेवटी नाकपुड्या आणि दोन डोळे तेवढे वर उरले. तिनं बोट जवळ नेलं. तो चावला.

शैलानं बोट तोंडात घालून रक्त चोखलं आणि त्याच्याकडे पाहिलं. "बरं झालं," ती म्हणाली. "म्हणजे खोटी ओळख नको."

तिनं त्याचं नाव मुकादम ठेवलं. रेल्वेच्या कारखान्यात वडिलांचा एक मुकादम होता, म्हणे. खुर्चीत रुतून बसायचा, हलायचा नाही, नुसते डोळे सगळ्यांवर. या मुकादमाला ती रोज सोललेली कोळंबी चिमट्यानं नाकापुढे धरायची. तो झडप घालून घ्यायचा आणि परत तोच चेहरा. मत्स्यालयात तिनं ज्याला शिवी दिली नाही असा तो एकच. कारण विचारलं तर म्हणायची, "तो मला काही बोलत नाही. मी कशाला बोलू?"

पण बघायला येणाऱ्यांना टाकीत फक्त वाळू दिसायची.

"शैलाबाई, पब्लिक विचारतं या टाकीत काय आहे." हे मॅनेजर, अजय मुधोळकर. हिमायतनगरच्या जुन्या घरातले. आजोबा हायकोर्टात वकील, वडील महसूल खात्यात, आई शांताबाई शाळेतून हेडबाई म्हणून निवृत्त. अजयनं तीन धंदे करून पाहिले आणि मग मालकाच्या ओळखीनं या तळघरात आला. घरातली मोठी माणसं अजूनही पाहुण्यांना तो 'कन्सल्टिंग' करतो असं सांगत.

"वाळू आहे म्हणून सांगा," शैला म्हणाली.

"वाळू बघायला तिकीट काढतात का लोक?"

"डोकं बाहेर असतं त्याचं. दिसत नसेल तर डोळ्याच्या डॉक्टरकडे जा म्हणावं."

"असं करू, वाळू काढून खाली टाइल्स टाकू. दिसेल तरी."

"घासून कातडी निघेल त्याची. खवले नाहीत."

"मग दुसऱ्या टाकीत घाला."

"खोल वाळू दुसऱ्या एकाच टाकीत आहे. दारातल्या."

अजयनं दाराकडे पाहिलं. दारातली टाकी म्हणजे सगळ्यांत मोठी. त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले मासे होते, आणि पोरं आईबापांना ओढत आणायची ती त्यांच्यासाठीच. मुकादम तिथं गेला असता तर आठवड्यात एकही उरला नसता.

"ऐका," अजय म्हणाला, "श्रावण संपेपर्यंत वाट बघतो. तोवर हा लोकांना दिसला नाही तर टाकी रिकामी करायची. वाळूसकट."

"आणि तो?"

"ते मला नका विचारू. मासा आहे शेवटी."

शैला त्यावर काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणून तिकीट खिडकीतली तेजश्री चक्क मान बाहेर काढून बघू लागली.

त्यानंतर मुकादमाच्या काचेपाशी कुणी फिरकलं तरी शैला अंगावर धावून जायची. वाजवलं की तो आणखी खोल जातो, आणि खोल गेला की टाकी जाते, एवढंच तिच्या डोक्यात. कोचिंग क्लासची पोरं एकदा टोळीनं आली. एकानं किल्ली काढून काचेवर टकटक सुरू केली.

"अरे ए. माहीत आहे का आत कोण आहे?"

"कौन है आंटी?"

"नाग. समुद्रातला. काच तडकली आणि चावला, तर आईला हाक मारायलाही वेळ नाही मिळायचा."

पोरं मागे सरकली. शैला खूश झाली. एकाच्या हातातला मोबाईल चालू होता, हे तिनं पाहिलं नाही.

दोन-चार दिवसांनी तेजश्री हसत आली. पोरगी गौलीगुड्याची, घरी मराठी, बाहेर सगळंच. "ताई, तुम्ही फेमस. खिडकीवर जो येतो तो म्हणतो, वो समंदर का नाग किधर है? एक अम्मा तर चप्पल काढूनच आत गेली."

शैलाचा चेहरा उतरला. अजयचा मात्र उजळला. संध्याकाळी टाकीवर फलक लागला: समुद्री नागदेवता, प्रत्यक्ष दर्शन. तेलुगूत आणि हिंदीत. खाली नागपंचमीची वेळ.

"मासा आहे तो," शैला म्हणाली.

"तुम्हीच नाग म्हणालात. व्हिडिओ आहे."

"ते हाकलायला म्हणाले."

"मी बोलवायला म्हणतो. शब्द तोच." अजयनं फलक सरळ केला. "आणि शैलाबाई, टाकी तुमचीच वाचतेय ना? गर्दी झाली की मालक वाळूचं नाव काढणार नाही. नको असेल तर आत्ता उतरवतो."

कोंडीत धरल्यावर माणसं खाली बघतात. शैला वर, फलकाकडे बघत राहिली. "दूध आत पडलं नाही पाहिजे. थेंब नाही."

"काचेपुढे पितळेचं भांडं ठेवतो. सगळं त्यात. शब्द दिला."

"तुमचा?"

"आणि त्या दिवशी तुम्ही येऊ नका. लोक भक्तीनं येणार, तुमच्या तोंडाचा काही भरवसा नाही."

तर पंचमीच्या दिवशी शैला मलकपेठेत घरी बसली होती आणि घरातली भांडी एकमेकांवर आपटत होती. दौलत पेपरच्या आडून म्हणाला, "एवढं काय लावून घेतेस? आपण नागवंशी लोक. नातेवाइकाची पूजा होतेय, मानपान घे."

"तुझ्यासारखा नातेवाईक घरात आहे तेवढा पुरे."

"मी काय वाळूत बसतो का?"

"पेपरात बसतोस."

तेवढ्यात फोन वाजला. तेजश्री. मागे घंटा, टाळ्या, गलका.

"ताई, तुमचा मुकादम बाहेर आलाय."

"किती?"

"किती काय, पूर्ण. उभाच राहिलाय. पब्लिक रडतंय ताई, हात जोडून. अजयसर तर लाइव्ह करतायत."

"पाणी कसं दिसतंय?"

"पाणी? थोडं पांढरं… ताई? हॅलो?"

मुकादम दिवसाउजेडी वाळूबाहेर येत नाही. पूर्ण तर कधीच नाही. शैलानं चपला घातल्या त्या उलट्या पायांत, आणि तशीच मेट्रोत चढली. एमजीबीएसला गाडी बदलताना शेजारच्या बाईनं सांगितलं, "अम्मा, चप्पल." शैला म्हणाली, "तुमच्या पायात आहे का?"

तळघराच्या जिन्यावर चपलांचा ढीग. आत उदबत्तीचा धूर, कुंकू, नारळ, भजनाची कॅसेट जोरात. गर्दीच्या डोक्यांवरून तिला टाकी दिसली. पाणी ताकासारखं झालं होतं, वर साबणासारखा फेस. आणि त्यात मुकादम, सगळा उघडा, शेपटीवर ताठ उभा, तोंड पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होता. त्याचं तोंड उघडलं की गर्दीतून "नागेंद्रा" असा गजर उठत होता.

टाकीमागे स्टुलावर अजयच्या आई शांताबाई उभ्या होत्या. नऊवारी नव्हे, पण काठापदराची जरीची साडी, हातात तांब्या. टाकीचं झाकण बाजूला सारलेलं.

"ये, ये, तूही बघ," शांताबाई म्हणाल्या. "सकाळी नुसतं नाक दाखवत होता. दूध पोचलं तसा उभा राहिला बघ. मला तर भरून आलं."

"आत कुणी ओतलं?"

"मीच. लोक एवढ्या श्रद्धेनं पिशव्या घेऊन येतात, बाहेरच्या भांड्यात ठेवून काय उपयोग? त्याला मिळायला नको?"

"हवेचा पंप कुणी बंद केला?"

"तो का? फार घरघर करत होता, आरतीत ऐकू येईना. अजयला म्हटलं, घटकाभर बंद कर."

शैलानं पंपाचं बटण दाबलं. फेस वर उसळून टाकीच्या कडेवरून खाली वाहू लागला. "त्याला श्वास घेता येत नाही. उतरा खाली."

"आज हात नको लावूस गं. पूजा झालीय त्याची."

"आज नको, का माझा नको?"

जवळच्या दोघा-तिघांची भजनं थांबली. शांताबाईंचा तांब्या हातात तसाच राहिला. "मी तसं काही म्हटलं नाही."

"म्हटलं नाहीत," शैला म्हणाली. "आणि मला अगं-तूगं नका करू. आपण एका वर्गात नव्हतो."

गर्दीतून एका माणसानं तिचा कोपर धरला. "अम्मा, नक्को. दोष लगता."

"सोड. नाहीतर मला लागायच्या आधी तुला लागेल."

त्यानं सोडला. शैला मागच्या खोलीत धावली. मुरलेल्या समुद्राचा ड्रम तिथं असायचा. एक टाकी बिघडली तर पूर्ण बदलता येईल एवढं पाणी तिनं कायम तयार ठेवलेलं. ड्रम होता. पालथा. वर लाल कापड आणि प्रसादाच्या पुड्या.

अजय मागोमाग आला होता. "जागा नव्हती शैलाबाई. मोरीत सोडलं. खारं पाणीच ना, परत करता येईल."

"एक दिवस लागतो."

"मग उद्या करा."

"उद्या कुणासाठी?"

शैलानं खुंटीवरचा एप्रन चढवला, रिकामी बादली उचलली आणि ती दाराकडे चालू लागली. तिचं तोंड कुठल्या टाकीकडे आहे ते बघून अजय तिच्या आडवा आला.

"ती नाही. शैलाबाई, ती टाकी नाही. सगळे मासे खाईल तो."

"खाईल."

"लोक त्या माशांसाठी येतात."

"आज नागासाठी आलेत ना? लाइव्हमध्ये तुम्हीच सांगत होता."

"नोकरी जाईल तुमची. हे मी रागात बोलत नाही."

"मी रागातच ऐकतेय. बाजूला व्हा."

दारातल्या टाकीतलं पाणी तिनं बादलीत घेतलं, आणि मुकादमाच्या टाकीमागे येऊन, शांताबाई उतरतायत की नाही हे न बघता, स्टुलावर पाय ठेवला. शांताबाई उतरल्या. शैलानं बाह्या वर करून दोन्ही हात त्या पांढऱ्या पाण्यात घातले. मुकादम हातातून दोनदा सुटला. खवले नसलेलं अंग, त्यात दुधाची साय. तिसऱ्यांदा तिनं त्याला मानेपाशी धरलं तेव्हा तो चावला. जुन्याच बोटाला. तिनं पकड सैल केली नाही. गर्दीत कुणी "अपचारम, पाप" म्हणालं, कुणी मोबाईल वर धरला, एका बाईनं डोळे मिटून घेतले.

मोठ्या टाकीत सोडल्यावर तो वाळूवर कुशीवर पडला. नारिंगी मासे कोपऱ्यात गोळा झाले. सगळं तळघर त्या काचेपुढे येऊन उभं राहिलं, आणि शैलाच्या बोटाचं रक्त एप्रनवर टपकत होतं ते कुणी बघत नव्हतं. भजन संपून कॅसेट नुसती खरखरत होती.

"मेला," अजय म्हणाला.

"गप बसा."

बराच वेळ काही झालं नाही. मग शेपटीचं टोक हललं. वाळूवर जरा इकडे, जरा तिकडे चाचपलं, जसं कुणी अंधारात किल्लीचं भोक शोधतं. टोक रुतलं. मग मागे मागे, हळूहळू, सगळे ठिपके एकेक करून आत. शेवटी नाक आणि डोळे.

"गया," मघाचा माणूस म्हणाला, आणि आपली नारळाची पिशवी घेऊन निघाला. त्याच्यामागे बाकीचे. दिसत नाही म्हटल्यावर गर्दी पाच-सहा जणांवर आली. शांताबाई पदर सावरत अजयला म्हणाल्या, "तुला शंभरदा सांगितलं, माणसं बघून ठेवावीत कामाला."

"उद्यापासून येऊ नका," अजय शैलाला म्हणाला.

तिनं एप्रन काढला, तो भिजून जड झाला होता, आणि त्याच्या हातात दिला. "कोळंबी सोलून घाला. आणि आईंना सांगा, दूध उरलं असेल तर स्वतः प्या."

घरी दौलतनं बोटाला पट्टी बांधून दिली. "नोकरी गेली?"

"तुला जड होतंय का?"

त्यानं पट्टीची गाठ जरा जास्तच घट्ट मारली.

पुढचं तेजश्री फोनवर सांगायची. मुकादमाच्या जुन्या टाकीतली वाळू दुधानं नासली म्हणून फेकून दिली होती. नारिंगी मासे रोज कमी होत होते. नवा माणूस आणला, त्यानं मुकादमाला काढायला वाळूत हात घातला, चावून घेतला आणि हिशोब न मागता निघून गेला. दुसरा आला, तो चिमटा टाकीत टाकून पळाला. मग मासे संपलेच.

एका रविवारी शैला तिकीट खिडकीपुढे रांगेत उभी राहिली. तेजश्रीनं खिडकीतून हात हलवला. "ताई, तुम्हाला कशाला तिकीट? जा ना आत."

"फाड. फुकट गेले तर तुझा अजयसर बाहेर काढेल."

दारातल्या मोठ्या टाकीत वाळू आणि पाणी, बाकी काही नाही. लोक एक नजर टाकून पुढे जात होते. शैला काचेपासून हातभर अंतरावर उभी राहिली. वाळूत दोन डोळे होते. थोडे बारीक झाल्यासारखे तिला वाटले. डोळे बारीक होत नाहीत, पण वाटले.

अजय आला आणि तिच्या आणि काचेच्या मध्ये उभा राहिला. दाढी वाढलेली. "इथं काय करताय?"

तिनं तिकीट दाखवलं.

"दिसत नाही तो."

"तुम्हाला."

"शैलाबाई, काढून द्या त्याला तिथून. टाकी मोकळी झाली की नवे मासे आणतो. तुम्हाला परत घेतो."

"काढून कुठं ठेवाल?"

त्यानं दाढी खाजवली.

"मग नाही काढत."

"कुणी खायला घालायला तयार नाही त्याला. चार दिवस झाले." हे सांगताना त्याचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "मेला तर मालक म्हणेल मासेही गेले आणि हाही गेला." मग तोंड फिरवून, भिंतीला सांगावं तसं, "टाकी राहू दे त्याला. सोमवारपासून या."

"सांगताय की विचारताय?"

"आता विचारतोय असं समजा."

"समजत नाही."

अजयनं दात आवळले. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर होतेच. "याल का?"

शैलानं चपलेनं त्याच्या बुटाला बाजूला ढकललं, वाटेत पडलेली वस्तू ढकलावी तसं.

"सोमवारचं सोमवारी. आज मी तिकीट काढलंय," ती म्हणाली. "मध्ये उभे राहू नका, मासा दिसत नाही."